शेवटच्या धावपटूपासून सुरुवात करा : ठाणे-नवी मुंबईत डोंगरधाव सुरक्षित आणि सगळ्यांना झेपेल अशी आखताना

डोंगरधाव भरवणारे बहुतेक गट मार्ग आधी ठरवतात, आणि तो ठरतो गटातल्या सर्वांत तगड्या पोराच्या पायांनी. मग त्याच वाटेचा एक तुकडा कापून ‘नवख्यांसाठी ५ किलोमीटर’ असे फलकावर लिहितात. स्पर्धेच्या सकाळी पहिले दहा जण मजेत परत येतात आणि शेवटचे तीस जण उन्हात, घसाऱ्यावर, पाण्याविना अडकतात. अपघात जवळजवळ नेहमी या मागच्या तीस जणांतच होतात.

म्हणून पुढचा सगळा क्रम उलटा आहे. शेवटचा माणूस किती वाजता, कोणत्या वाटेने, कोणाच्या नजरेखाली परत येणार हे आधी ठरवायचे. पहिल्याचे आपोआप ठरते. उदाहरणासाठी २०० स्पर्धक आणि ६, १२ व २१ किलोमीटरचे तीन गट धरले आहेत.

## १. तारीख आणि डोंगर

तारीख डिसेंबरचा पहिला आठवडा ते जानेवारीअखेर या दरम्यान घ्या. हिरवाईचे फोटो मिळतात म्हणून जुलै-ऑगस्ट निवडणे ही सर्वांत महागडी चूक आहे. तेव्हा कातळावर शेवाळ असते आणि ओढे तासाभरात गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढतात. धबधब्यांच्या परिसरात तर प्रवेशबंदीच असते. खारघरच्या पांडवकड्याला दर पावसाळ्यात ती लागते आणि ती मोडणाऱ्यांचे जीव गेले आहेत. ऑक्टोबर वरवर कोरडा दिसतो, पण तेव्हाची दमट उष्णता धावणाऱ्याला मे महिन्यापेक्षा सहज फसवते आणि दुपारनंतर विजांचा पाऊसही येतो. फेब्रुवारीपासून वाळलेल्या गवताला वणवे लागू लागतात.

डोंगर निवडताना तीन प्रश्न विचारा. रुग्णवाहिका मार्गाच्या किमान दोन ठिकाणी पोहोचते का? मध्येच सोडून देणाऱ्याला अर्ध्या तासात डांबरी रस्ता गाठता येतो का? मार्गाला लागून उघडा कडा आहे का?

या कसोटीवर खारघरची टेकडी सोयीची ठरते, कारण पठारापर्यंत रस्ता जातो. पारसिकच्या रांगेत जुन्या दगडखाणींचे उभे कापलेले कडे आहेत. तिथे मार्ग कड्यापासून निदान २० मीटर आत ठेवता येत नसेल तर तो भाग सोडून द्या. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, बिबट्याचा वावर आहे, पहाटेची गर्दी आणि ध्वनिक्षेपक तिथे नकोच. तिथे सराव करणारे बरेच असले तरी स्पर्धेसाठी येऊरचा विचार सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तपासा : निवडलेल्या डोंगरावर मोहोळे आहेत का? आग्या मोहोळ कड्याच्या पोटाशी किंवा उंच झाडावर असते आणि खालून दिसत नाही. पाड्यावरच्या लोकांना विचारा, त्यांना जागा ठाऊक असतात.

## २. परवानग्या : पैसे घेण्याआधी

नोंदणी आधी उघडायची आणि परवानगी मागून मिळेल असे धरायचे, यात दर वर्षी कुणी ना कुणी फसतो. किमान ९० दिवस आधी जमीन कोणाची हे नकाशावर तुकड्या-तुकड्याने ठरवा. एकाच वाटेवर वन विभाग, सिडको, महापालिका आणि खासगी मालक असे चौघे निघू शकतात. जमीनमालकाचे लेखी पत्र हातात आल्यावर स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, या क्रमाने जा. पोलिसांकडे आधी गेलात तर ते वन विभागाचे पत्र मागतात आणि दोन आठवडे फुकट जातात.

मार्ग पाड्यातून जात असेल तर ग्रामस्थांशी बोलणे ही औपचारिकता समजू नका. खारघरच्या पठारावर फणसवाडी, चाफेवाडी असे पाडे आहेत. अशा ठिकाणी सकाळी गुरे कोणत्या वाटेने सुटतात, पाणी कुठून भरतात, कुत्री कुठे बसलेली असतात हे त्यांच्याकडूनच कळते. तिथल्या मुलांना प्रवेश विनामूल्य ठेवा आणि मार्गदर्शक म्हणून घेतलेल्या तरुणांना त्या दिवसाची मजुरी द्या. वाट त्यांची आहे.

विमा दोन प्रकारचा लागतो. एक स्पर्धकांच्या अपघाताचा, दुसरा आयोजकाच्या सार्वजनिक दायित्वाचा. ‘माझ्या जबाबदारीवर धावतो’ असा सही केलेला कागद विम्याची जागा घेत नाही. निष्काळजीपणा झाला तर तो कागद आयोजकाला वाचवत नाही, आणि वाचवूही नये.

## ३. मार्ग पायाखालून तीनदा घाला

पहिल्या फेरीत फक्त चाला आणि जीपीएस घड्याळावर मार्ग नोंदवा. दुसरी फेरी उलट्या दिशेने घ्या. चढताना साधा वाटणारा मुरमाड उतार उतरताना काय करतो, ते तेव्हाच कळते. तिसरी फेरी गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाला घेऊन, तिच्या किंवा त्याच्या वेगाने, आणि स्पर्धेच्याच वेळेला. कोणत्या वळणावर किती वाजता ऊन येते, हे या फेरीत लिहून ठेवा.

मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाला दर्जा द्या :

- दर्जा अ : रुंद वाट किंवा रस्ता. दोघे शेजारी धावू शकतात.
- दर्जा आ : एकेरी पायवाट, दगड-मुळे, पण हात लावावा लागत नाही.
- दर्जा इ : घसारा, सुटे धोंडे, छोटा कातळटप्पा. पाय घसरला तर खरचटेल, पण माणूस थांबेल.
- दर्जा ई : पाय घसरला तर माणूस थांबणार नाही.

‘ई’ दर्जाचा एकही मीटर कोणत्याच गटात नको, २१ किलोमीटरच्या कसलेल्यांनाही नको. दोर बांधून सोय करू असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की दमलेल्या शंभर जणांची रांग त्या दोरापाशी अर्धा तास उभी राहील आणि मागचे कडेने वाट काढतील. ‘इ’ दर्जा ६ किलोमीटरच्या गटात अजिबात नको. १२ मध्ये फक्त चढताना चालेल. २१ मध्ये उतरतानाही चालेल, पण पुढे दिलेल्या अटीवर.

### उतार शर्यतीतून काढा

ट्रेलवर गुडघे, घोटे आणि मनगटे उतारावरच जातात. उपाय सोपा आहे आणि आपल्याकडे फारसा कुणी वापरत नाही : ‘इ’ दर्जाचा उतार तटस्थ करा. वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक स्वयंसेवक क्रमांक व वेळ लिहितो, आणि मधला वेळ निकालातून वजा होतो. जास्तीत जास्त १० मिनिटे वजा करा, नाहीतर लोक तिथे बसून विश्रांती घेतील. पुढे जाण्याचा फायदाच उरत नसल्यामुळे कुणी उड्या मारत उतरत नाही, आणि भित्रा स्पर्धकही निर्धास्तपणे पाऊल टाकतो.

बर्फातल्या फ्रीराइड स्कीच्या स्पर्धांत हाच विचार वेगळ्या तऱ्हेने होतो. तिथे पंच निवडलेल्या वाटेच्या अवघडपणाला गुण देतात तसेच नियंत्रणालाही देतात, त्यामुळे आवाक्याबाहेरची वाट धरून कोलमडणाऱ्याला काही मिळत नाही. आपल्याकडे पंच नसतात, घड्याळ असते. म्हणून जिथे नियंत्रण सुटू शकते तिथे घड्याळच थांबवायचे.

## ४. गट अंतरावर नव्हे, श्रमावर पाडा

‘६ किलोमीटर’ या शब्दांनी काहीच कळत नाही. नवी मुंबईच्या सपाट पाम बीच रस्त्यावरचे ६ आणि डोंगरावरचे ६ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशन वापरते ते साधे गणित घ्या : अंतराचे किलोमीटर, अधिक एकूण चढाईचे मीटर भागिले १००. येणारा आकडा म्हणजे श्रम-किलोमीटर.

- ६ किमी, चढाई १५० मीटर : ६ + १.५ = ७.५
- १२ किमी, चढाई ४५० मीटर : १२ + ४.५ = १६.५
- २१ किमी, चढाई ९०० मीटर : २१ + ९ = ३०

हे आकडे जाहिरातीत अंतराशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. गटांमध्ये साधारण दुपटीची पायरी असू द्या. तिन्ही गट जवळजवळ सारखेच दमवणारे असतील तर तीन गट ठेवून उपयोग नाही.

आता वेळमर्यादा. चालणाऱ्यासाठी जुना गिर्यारोहकी नियम पुरतो : ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. ६ किलोमीटरच्या मार्गाला ७२ मिनिटे अधिक १५ मिनिटे, म्हणजे ८७ मिनिटे. खडबडीत वाट, पाणी पिणे, फोटो हे धरून दीडपट करा : सुमारे १३० मिनिटे. म्हणून मर्यादा सव्वादोन तास. हा गट सरळ चालगट आहे असे जाहीर करा आणि त्यात वेळेची बक्षिसे ठेवू नका. बक्षीस ठेवले की चांगले धावणारे त्यात उतरतात आणि नवखा पुन्हा बाजूला पडतो.

१२ किलोमीटरला सव्वातीन तास, २१ ला ४ तास २० मिनिटे ठेवा. श्रम-किलोमीटरच्या हिशेबाने हे अनुक्रमे सुमारे १८, १२ आणि ८ मिनिटे ४० सेकंद पडतात. २१ मध्ये निव्वळ चालणारा बसत नाही. हे आधीच सांगितले तर कुणाचा अपमान होत नाही, मार्गावर अडवून सांगितले तर होतो.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. २१ चा गट ६.४० ला, १२ चा ७.१० ला, ६ चा ७.४० ला सोडा. शेवटचे माणूस ११ पर्यंत परत येते. सगळ्यांना एकदम सोडू नका. पहिली एकेरी वाट लागताच चेंगराचेंगरी होते. सुरुवातीचे निदान ८०० मीटर ‘अ’ दर्जाचे असावेत, म्हणजे तोवर रांग आपोआप लांबते.

### आणखी कोणाकोणाला जागा करता येईल

दृष्टिहीन स्पर्धकाला सोबती धावपटूसह ६ किलोमीटरचा गट नीट जमतो. अट दोन गोष्टींची : दोघांनी आधी त्याच मार्गावर एक सराव केलेला असावा, आणि सोबत्याकडून शुल्क घेऊ नये. डांबरी रस्ता असलेल्या टेकडीवर २ किलोमीटरचा रस्तागट ठेवला तर चाकाची खुर्ची, गरोदर बाई, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा असे सगळे येतात. फक्त उतारावर खुर्ची मागून धरायला दोन माणसे द्या. १४ वर्षांखालच्या मुलांना ६ च्या पुढे सोडू नका, आणि पालक सोबत असलाच पाहिजे.

बायकांची नोंदणी कमी येते अशी तक्रार करणाऱ्या आयोजकांनी आधी सुरुवातीच्या जागी स्वच्छ, कडी लागणारी आणि पाणी असलेली स्वच्छतागृहे किती आहेत ते मोजावे. ५० स्पर्धकांमागे एक, त्यातली निम्मी फक्त बायकांसाठी. मार्गावरच्या प्रत्येक ठाण्यावर किमान एक स्त्री स्वयंसेवक असावी.

## ५. नोंदणी अर्ज

‘तुम्ही नवखे, मध्यम की कसलेले?’ हा प्रश्न काढून टाका. निम्मे लोक स्वतःला मध्यम म्हणतात. त्याऐवजी घडलेले विचारा :

- गेल्या तीन महिन्यांत न थांबता जास्तीत जास्त किती वेळ धावलात?
- गेल्या सहा महिन्यांत कोणता डोंगर चढून त्याच दिवशी उतरलात? किती तासांत?
- धावताना छातीत दुखणे, भोवळ, बेशुद्धी कधी आली आहे का?
- दमा, मधुमेह, फिट्स, रक्तदाब, मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी? कोणती औषधे चालू आहेत?
- गेल्या दोन आठवड्यांत ताप आला होता का?

शेवटचा प्रश्न पुन्हा स्पर्धेच्या सकाळी तोंडी विचारा. तापातून नुकताच उठलेला माणूस उष्माघाताला लवकर बळी पडतो, आणि पैसे भरलेत म्हणून तो येतोच. अशांसाठी ‘आजारी असाल तर पुढच्या वर्षी त्याच शुल्कात’ असा नियम ठेवा. हजार रुपये बुडू नयेत म्हणून माणसे तापात धावतात. ती अडचणच काढून टाकायची.

उत्तरे गटाशी जुळत नसतील तर फोन करा. मेसेज नको. २०० अर्जांत असे वीस-पंचवीस निघतात; दोघांना एका संध्याकाळचे काम आहे. स्पर्धेच्या सकाळपर्यंत खालच्या गटात जाण्याची मुभा द्या, वरच्या गटात जाण्याची देऊ नका.

## ६. खुणा

आपल्या डोंगरांवर चुकवतात त्या ढोरवाटा. मुख्य पायवाटेपेक्षा त्या कधीकधी जास्त मळलेल्या असतात आणि दोनशे पावलांवर झुडपात विरतात. म्हणून बरोबर वाट दाखवण्याइतकेच चुकीची वाट बंद करणे महत्त्वाचे.

सरळ वाटेवर दर ५० मीटरला कापडी फीत, उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर. एका फितीपाशी उभे राहिल्यावर पुढची दिसलीच पाहिजे. फाट्याच्या आधी तीन फिती जवळजवळ, वळल्यावर लगेच आणखी दोन, आणि चुकीच्या वाटेवर फक्कीने आडवी रेघ व फुली. १२ किलोमीटरला अशा साधारण ३५० फिती लागतात. प्रत्येक गटाला वेगळा रंग द्या, पण लाल आणि हिरवा एकत्र वापरू नका. रंगांधळेपणा असलेल्यांना ते सारखे दिसतात. केशरी, निळा आणि पांढरा चालतो.

‘इ’ दर्जा सुरू होण्याच्या ३० मीटर आधी मराठीत मोठा फलक : ‘पुढे घसारा. वेळ मोजला जात नाही. चाला.’

चूक : खुणा दोन दिवस आधी बांधणे. गुरे फिती चघळतात, पोरे सोडून नेतात, वाऱ्याने गुंडाळतात. आदल्या संध्याकाळी बांधा आणि पहाटे पहिल्या गटाच्या एक तास आधी दोघांना हेडलॅम्प देऊन पूर्ण मार्गावर सोडा, दोन्ही टोकांकडून.

## ७. माणसे आणि संपर्क

२०० स्पर्धकांना ४५ ते ५० स्वयंसेवक लागतात. प्रत्येक फाट्यावर एक, प्रत्येक ‘इ’ टप्प्यावर दोन, पाण्याच्या ठाण्यावर तीन, प्रत्येक गटामागे दोन स्वीपर, म्हणजे शेवटच्या स्पर्धकाच्या मागून येणारे. स्वीपर हा गटातला सर्वांत अनुभवी माणूस हवा. उत्साही पण नवीन पोराला मागे ठेवायची पद्धत घातक आहे, कारण खरी अडचण मागेच येते. त्याच्या पिशवीत प्रथमोपचार, दोन लिटर जादा पाणी, क्षारांची पाकिटे, दोन चॉकलेटे, शिट्टी, थर्मल ब्लँकेट आणि पॉवर बँक.

मोबाइलची रेंज गृहीत धरू नका. तिसऱ्या पाहणीत दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घेऊन फिरा आणि मुका पट्टा नकाशावर रंगवा. त्या पट्ट्यांसाठी ४४६ मेगाहर्ट्झचे परवानामुक्त वॉकीटॉकी घ्या. त्यांचा आवाका मध्ये डोंगराची सोंड आली की एकदम घटतो, म्हणून दोन्ही बाजू दिसतील अशा उंचवट्यावर निरोप पुढे देणारा एक माणूस बसवा.

मार्गाला १, २, ३ असे ठिकाण-क्रमांक द्या आणि दर ५०० मीटरला ते झाडाला टांगा. ‘मोठ्या दगडाच्या पुढे, आंब्याजवळ’ असा निरोप आला तर मदत भलत्याच आंब्याखाली जाते.

## ८. पाणी, ऊन आणि वैद्यकीय सोय

पाण्याचा हिशेब : माणशी ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर. गटांचे सरासरी तास धरून २०० जणांचे मिळून सुमारे ५०० तास भरतात, म्हणजे प्यायला ३०० लिटर. डोक्यावर ओतणे, सांडणे आणि स्वयंसेवकांचे धरून दुप्पट करा : २० लिटरचे ३० जार. ठाणी ३ किलोमीटरपेक्षा लांब नकोत. पेले ठेवू नका. प्रत्येकाने बाटली आणणे सक्तीचे करा, नाहीतर डोंगरभर कचरा.

‘भरपूर पाणी प्या’ असे ओरडत राहू नका. तहान नसताना लिटरमागून लिटर साधे पाणी ढोसले की रक्तातले सोडियम घसरते. डोके दुखते, उलटी होते, माणूस बरळू लागतो. मागून चालणाऱ्यांत हे जास्त दिसते, कारण त्यांना प्यायला वेळ मिळतो. अशाला आणखी पाणी पाजणे म्हणजे घात. तहान लागेल तसे प्या, आणि ठाण्यावर साध्या पाण्यासोबत एका लिटरला एक पाकीट या मापाने कालवलेले ओआरएस ठेवा. अर्ध्या लिटरला पाकीट टाकून ‘कडक’ करू नका. लिंबू-मीठ, केळी, गूळ-शेंगदाणे, उकडलेला बटाटा पुरतो.

उष्णता मोजायला साधा तापमापक पुरत नाही. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरणारे डब्ल्यूबीजीटी मीटर भाड्याने घ्या. आकडा २३ च्या वर गेला तर २१ चा मार्ग १२ वर आणा. २८ च्या वर गेला तर स्पर्धा थांबवा.

### उष्माघात : आधी थंड करा, मग हलवा

इथे एका चुकीने जीव जातो. धावता धावता झोकांड्या देणारा, असंबद्ध बोलणारा किंवा कोसळलेला माणूस उचलून थेट रुग्णवाहिकेत टाकतात आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या वाहतुकीत पाऊण तास घालवतात. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर असेल तर तो पाऊण तास मेंदू आणि यकृत शिजवतो.

अंतिम रेषेपाशी सावलीत १५० ते २०० लिटरचा टब भरून ठेवा, जवळ गोणपाटात गुंडाळलेला ६० ते ८० किलो बर्फ. डॉक्टर गुदद्वारातून तापमान घेतील. कपाळ, कान, काख यांचे आकडे अशा वेळी फसवतात. मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवा, काखेतून चादर घालून डोके वर धरा आणि पाणी ढवळत राहा. मिनिटाला साधारण ०.२ अंश उतरते, म्हणजे १० ते १५ मिनिटे. ३९ अंशांवर आले की बाहेर काढून मग रुग्णालयात. मार्गावर टब नसेल तिथे ८ बाय १० फुटांची ताडपत्री : चौघांनी कडा उचलून धरायच्या आणि मध्ये माणूस ठेवून ५० लिटर बर्फाचे पाणी ओतायचे. प्रत्येक पाणीठाण्यावर एक ताडपत्री आणि एक मोठी बर्फपेटी हवीच.

### साप, मोहोळ, मोडलेला घोटा

सर्पदंश झाला तर दंशाचा अवयव फळीने स्थिर करा, अंगठी-घड्याळ काढा, माणसाला चालू देऊ नका. आवळपट्टी नको, ब्लेडने चीर नको, साप शोधणे नको. प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात आज शिल्लक आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि पत्ता रुग्णवाहिकेच्या चालकाला लिहून द्या.

मोहोळ उठले तर हात झटकायचे नाहीत, डोके-तोंड कपड्याने झाकून धावत लांब जायचे, झाडीकडे. कड्याजवळ ड्रोन, फटाके, धूर आणि उग्र अत्तर यांना सक्त मनाई. चित्रीकरण करणाऱ्याला हे लेखी सांगा. ड्रोनचा हट्ट नेहमी त्याचाच असतो.

स्ट्रेचरची रंगीत तालीम करा. ६० किलो वाळूच्या गोण्या बांधून, आठ जणांनी, मार्गाच्या सर्वांत अडचणीच्या ठिकाणापासून रस्त्यापर्यंत. सहा जण उचलतात, दोघे पुढे वाट साफ करतात, दर शंभर-दीडशे पावलांवर हात बदलतात. तालमीला एक तासापेक्षा जास्त लागला तर मार्ग चुकला आहे. तो बदला.

रुग्णवाहिका दोन, त्यातली एक हृदयरोग सुविधेची, सोबत डॉक्टर आणि एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र. १०८ ला कळवून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. एक रुग्णवाहिका माणूस घेऊन गेली आणि दुसरी उरली नाही, तर ती परत येईपर्यंत नवीन स्पर्धक सोडायचे नाहीत.

## ९. थांबवणारा माणूस

स्पर्धा थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाला, लेखी, आदल्या दिवशी द्या. तो प्रायोजकाचा माणूस नको आणि अध्यक्षही नको. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरधावेत वारा आणि थंडी अचानक वाढली. १७२ पैकी २१ धावपटू मरण पावले. वारा अडवणारे जाकीट तिथे सक्तीच्या सामानात नव्हते आणि वर अडकलेल्यांपर्यंत मदत पोहोचायला फार वेळ लागला. आपल्याकडे थंडीऐवजी ऊन, वीज आणि वणवा आहे, एवढाच फरक.

कधी थांबवायचे ते आकड्यांत ठरवून ठेवा : डब्ल्यूबीजीटी २८ च्या वर, गडगडाट ऐकू आला तर शेवटच्या आवाजानंतर ३० मिनिटे होईपर्यंत, मार्गाच्या एक किलोमीटरच्या आत वणव्याचा धूर, दोन्ही रुग्णवाहिका बाहेर. यांपैकी एक जरी झाले तरी चर्चा नाही. ‘थांबवा’ असा निरोप आला की प्रत्येक ठाण्यावर काय करायचे, हे स्वयंसेवकाच्या कार्डावर छापलेले असावे : स्पर्धकांना थांबवून मोजा, क्रमांक कळवा, जवळच्या सुटकेच्या वाटेने एकत्र उतरवा.

## १०. मोजणी

मोजणी नोंदणीची नव्हे, प्रत्यक्ष सुटलेल्यांची. सुरुवातीला अरुंद फाटक करा आणि दोघांनी स्वतंत्रपणे क्रमांक लिहा. वेळ नोंदवणारी चिप असली तरी कागदी वही हवी. वर रेंज गेली की चिपची यादी गोठते. मधल्या दोन ठिकाणी तशाच वह्या.

मध्ये सोडून देणारा रिक्षा पकडून घरी जातो आणि सांगत नाही, हा सर्वांत जास्त वेळ खाणारा घोळ आहे. इकडे लोक काळोख पडेपर्यंत झाडी धुंडाळतात. म्हणून छातीवरच्या क्रमांकाचा खालचा भाग फाडता येण्यासारखा छापा, आणि सुरुवातीला मोठ्याने सांगा : सोडत असाल तर हा तुकडा कोणत्याही स्वयंसेवकाच्या हातात द्या, मगच खाली उतरा. त्या तुकड्यावर नियंत्रण कक्षाचा फोन आणि पाठीमागे घरच्या माणसाचा फोन. त्याच्या बदल्यात न्याहारीचे कूपन ठेवले तर तुकडे नक्की परत येतात.

वेळमर्यादा उलटली की स्वीपर त्या स्पर्धकाचा क्रमांक काढून घेतो आणि त्याच्याबरोबरच चालतो. त्याला ‘बाद’ म्हणून एकटे सोडून पुढे जात नाही. पदक शेवटच्यालाही तेच.

स्वीपर आत आले की सगळ्या वह्या एका टेबलावर ठेवा. सुटलेल्यांतून सोडून गेलेले वजा केले की परत आलेल्यांचा आकडा यायला हवा. आकडा जुळेपर्यंत एकही ठाणे उठवायचे नाही, बक्षीस समारंभ सुरू करायचा नाही आणि डॉक्टरांना सोडायचे नाही. एकाचा जरी फरक पडला तर आधी त्या क्रमांकाला फोन, मग घरी फोन, आणि १५ मिनिटांत उत्तर नसेल तर शेवटच्या नोंदीच्या ठिकाणापासून दोन्ही दिशांनी दोन-दोन माणसे. आकडा जुळला की फिती काढणारे दोघे वर जातील. ३५० बांधल्या होत्या, ३५० मोजून परत आणायच्या.